गोठ्यातील माशी आणि आपल्या रक्तातील पहारा

पोळ्याच्या सुमारास आमच्या भागातील दवाखान्यांत एक प्रश्न हमखास येतो. रक्तदाब मोजून घेण्यासाठी आलेले आजोबा उठता उठता, दाराशी थबकून विचारतात, "डॉक्टरसाहेब, म्हशीला सर्रा झालाय म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं. रक्तात किडे असतात म्हणे. आम्ही तिचंच दूध पितो, नातवंडं गोठ्यातच खेळतात. आम्हाला तर काही व्हायचं नाही ना?" पूर्वी मी या प्रश्नाची बोळवण "माणसाला तो होत नाही, निर्धास्त राहा" एवढ्यावर करीत असे. आजही माझे उत्तर फारसे वेगळे नाही. परंतु आता मी त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवतो आणि दोन प्रश्न उलट विचारतो. हा बदल घडला तो चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या आजारामुळे. ती हकीकत आपल्याला सांगितली, म्हणजे पुढील सारे समजणे सोपे जाईल.

प्रथम सर्रा म्हणजे काय ते पाहू. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी नावाचा एकपेशीय परजीवी जनावराच्या रक्तात वाढतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो तांबड्या पेशींमधून वळवळत जाणाऱ्या चिमुकल्या माशासारखा दिसतो, म्हणून लोक त्याला किडा म्हणतात. किडा मात्र तो नव्हे. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने डेरा इस्माईल खान येथे, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात तो प्रथम पाहिला. या कुळातील परजीवी जीवघेणा आजार घडवतो, हे जगाला तेव्हा प्रथमच कळले. 'सर्रा' या शब्दाचे मूळ काही इंग्रजी शब्दकोश मराठीत दाखवतात. नाकपुड्यांतून सूं सूं वाजणाऱ्या श्वासाशी ते त्याचा संबंध जोडतात. घोडा, उंट आणि कुत्रा यांना हा आजार फार जड जातो. चढउतार होणारा ताप, झपाट्याने घटणारे वजन, पायांवर व पोटाखाली सूज, आणि कुत्र्याच्या डोळ्यावर येणारा निळसर सारा ही त्याची रूपे. गाय व म्हैस मात्र बहुधा तो मुक्याने सोसते. दूध आटते, क्वचित गाभ जातो, एखादे जनावर गोल गोल फिरते व कोसळते. पण पुष्कळदा काहीच दिसत नाही आणि ते जनावर महिनोन्महिने रोग बाळगून राहते.

आता चंद्रपूर जिल्ह्यातील सिवनी या गावाकडे वळू. २००४ साली तेथील एक पंचेचाळिशीचा शेतकरी तापाने आजारी पडला. ताप काही दिवस येई, उतरे, पुन्हा येई. थंडी वाजे, घाम फुटे, मधूनच तो गोंधळल्यासारखा बोले. आपल्याकडे अशा तापाला पहिले नाव मलेरियाचे. रक्ताचा काचपट्टीवरील नमुना तपासला, तेव्हा मलेरियाच्या जंतूऐवजी निराळेच काही वळवळताना दिसले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी व त्यांचे सहकारी यांनी या रुग्णाचा पाठपुरावा केला. परदेशी प्रयोगशाळांच्या साह्याने परजीवीची जनुकीय ओळख पटली आणि तो जनावरांच्या सर्ऱ्याचा ट्रिपॅनोसोमा निघाला. पाच महिने तो त्याच्या रक्तात कमीजास्त प्रमाणात नांदत होता. २००५ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. भारतात माणसाला सर्रा झाल्याची ती पहिली शास्त्रीय नोंद होय. आजार मेंदूपर्यंत पोहोचलेला नव्हता. सुरामिन हे आफ्रिकेतील निद्रारोगावरचे जुने औषध जागतिक आरोग्य संघटनेमार्फत मिळवण्यात आले आणि रुग्ण बरा झाला.

येथे साहजिकच प्रश्न उभा राहतो. गावोगाव जनावरांना सर्रा होतो, गोठ्यातल्या माशा माणसालाही चावतात, मग एकाच माणसाला तो का व्हावा? संशोधकांनी त्या गावातील १,८०६ लोकांच्या रक्ताची तपासणी केली. प्राथमिक चाचणीत ४१० जणांच्या रक्तात सर्ऱ्याविरुद्धची प्रतिद्रव्ये असावीत असे दिसले; अधिक काटेकोर चाचणीत ही संख्या ८१ वर आली. ज्या ६० जणांच्या रक्तात प्रतिद्रव्यांचे प्रमाण जास्त होते, त्यांच्या रक्तात परजीवीचा शोध घेतला, तेव्हा एकाच्याही रक्तात तो सापडला नाही. याचा अर्थ असा लावता येतो, की परजीवी अनेकांच्या अंगाशी येऊन धडकला असावा, पण त्याला घरात शिरता आले नाही.

दारावर कोण उभा होता, याचे उत्तर २००६ मध्ये मिळाले. आपल्या रक्तात अपोलायपोप्रोटीन एल-१ नावाचे एक प्रथिन असते. ज्याला आपण 'चांगले कोलेस्टेरॉल' म्हणतो, त्याच्या कणांवर स्वार होऊन ते हिंडते. ट्रिपॅनोसोमा हे कण अन्न समजून गिळतो आणि फसतो. प्रथिन त्याच्या पोटातील पिशवीला भोके पाडते, परजीवी फुगतो आणि मरतो. हा पहारा बहुतेक सर्व माणसांकडे जन्मतः असतो, गायीम्हशींकडे नसतो. ब्रुसेल्स येथील एतिएन पेज यांच्या प्रयोगशाळेत त्या शेतकऱ्याच्या रक्ताची परीक्षा झाली, तेव्हा आढळले, की आईकडून व वडिलांकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत बिघाड होता आणि हे प्रथिन त्याच्या रक्तात तयारच होत नव्हते. प्रयोगशाळेत त्याच्या रक्तद्रवात ते प्रथिन बाहेरून मिसळताच तो रक्तद्रव पुन्हा परजीवींना मारू लागला. इतका स्वच्छ पुरावा वैद्यकात क्वचितच हाती लागतो. गंमत अशी, की या एका उणिवेखेरीज तो शेतकरी धडधाकट होता. याच जनुकाची काही निराळी रूपे आफ्रिकी वंशाच्या लोकांत मूत्रपिंडाचा आजार वाढवतात, म्हणून पुढे त्याच्या मूत्रपिंडांचीही चौकशी झाली. ती निरोगी निघाली.

मग "माणसाला होत नाही" हे माझे जुने उत्तर बरोबर होते की चूक? जवळजवळ बरोबर होते. परंतु वैद्यकात 'जवळजवळ' या शब्दाला वजन असते. शिवाय व्हिएतनाममध्ये २०१५ साली एका स्त्रीला सर्रा झाला, आणि तिच्या रक्तातील हे प्रथिन तर शाबूत होते. पहारेकरी हजर असतानाही परजीवी आत कसा शिरला, यावर संशोधकांचा विचार चालू आहे. अशा नोंदी जगभरात बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. आपण घाबरून जावे असे त्यांत काही नाही. मात्र बरा न होणारा ताप घेऊन कोणी आले, तर घरी जनावरे आहेत का हे विचारायचे राहून जाऊ नये, एवढे त्यांनी मला शिकवले. मी स्वतः कित्येक वर्षे हा प्रश्न विचारत नव्हतो, हे येथे कबूल करतो. शेतकऱ्याच्या घरी जनावरे असायचीच, त्यात विचारायचे काय, असे वाटे.

आता परजीवीच्या बाजूची गोष्ट. आपल्यात जशी घराणी, कुळे, स्वभाव, तशी त्यांच्यातही असतात. सर्ऱ्याचा परजीवी मूळचा आफ्रिकेतील निद्रारोगाच्या परजीवीचा भाऊबंद. तो भाऊबंद त्सेत्से माशीच्या शरीरात वाढतो आणि तेथेच त्याच्या वेगवेगळ्या वाणांचा संकर होतो. सर्ऱ्याच्या परजीवीने आपल्या जनुकसाठ्यातील एक मोठा तुकडा केव्हातरी गमावला. त्यामुळे त्सेत्से माशीच्या पोटात त्याला जगता येत नाही. ही हानीच त्याच्या पथ्यावर पडली, असे म्हटले पाहिजे. त्सेत्से माशीचे बंधन सुटले आणि उंटाघोड्यांबरोबर तो आफ्रिकेबाहेर पडला; आज तो आशियात पसरला आहे आणि दक्षिण अमेरिकेतही पोहोचला आहे. तेथे तर रक्त पिणारी वटवाघळेही त्याचा प्रसार करतात. पण संकर संपल्यामुळे तो नुसता दुभंगून वाढतो, एकाचे दोन, दोनाचे चार. कलमाने लावलेल्या आंब्याच्या बागेसारखा. म्हणून जगभरच्या सर्ऱ्यात जनुकीय विविधता फार कमी आढळते. बहुतेक सारे 'अ' प्रकारचे. केनिया, इथिओपिया अशा ठिकाणी 'ब' प्रकार सापडला आहे. वर सिवनीच्या संदर्भात ज्या चाचणीचा उल्लेख केला, ती या परजीवीच्या एका विशिष्ट आवरणावर आधारलेली आहे. 'ब' प्रकारात त्या आवरणाचे जनुकच नसते, म्हणून ती चाचणी त्याला हुकू शकते. परजीवीची जनुकीय जात ओळखणे हा प्रयोगशाळेतील हौशी उद्योग नव्हे, हे यावरून आपल्या ध्यानात येईल.

मूळ वाण एकसारखे असले, तरी या परजीवीला वेष पालटण्याची कला अवगत आहे. त्याच्या अंगावर एक प्रथिनांचा अंगरखा असतो. शरीराने तो ओळखून प्रतिद्रव्ये तयार केली, की थोडे परजीवी अंगरखा बदलून निसटतात आणि पुन्हा वाढतात. असे शेकडो अंगरखे त्याच्या जनुकांत घडी घालून ठेवलेले असतात. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो, त्याचे कारण हे. आणि सर्ऱ्याविरुद्ध अद्याप लस नाही, तिचे कारणही हेच.

याच्या अगदी उलट स्वभावाचा परजीवी आपल्या गोठ्यात आहे, तो थायलेरिया. तो माशीने नव्हे तर गोचिडाने येतो. गोचीड आठ पायांचा, कोळ्याच्या गणगोतातला, कीटक नव्हे. या गोचिडाच्या पोटात थायलेरियाचे नर-मादी भाग एकत्र येतात, निरनिराळ्या वाणांचा संकर होतो, आणि एकाच गायीच्या रक्तात एकाच वेळी अनेक जनुकीय वाण नांदताना आढळतात. इतकी सरमिसळ असली, की औषधाला दाद न देणारा एखादा वाण त्यातून वर येण्याची शक्यता वाढते. या रोगावरील मुख्य औषध बुपार्वाक्वोन. ट्युनिसिया व इराण येथे त्यालाही न जुमानणारे वाण आढळले असून परजीवीच्या एका जनुकातील बदलाशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. अर्धी मात्रा देऊन उरलेली बाटली पुढच्या जनावरासाठी ठेवण्याची आपली काटकसर या दृष्टीने महाग पडणारी आहे. थायलेरिया माणसाला होत नाही. परंतु संकरित होल्स्टीन वा जर्सी गाय त्याने काही दिवसांत दगावते, तर देशी गाय पुष्कळदा तो सौम्यपणे निभावून नेते. लातूर जिल्ह्यातील देवणी आणि नांदेडच्या कंधार भागातील लाल कंधारी ही आपली देशी गोधने. घरातील वृद्ध मंडळी "आपली देवणीच बरी" असे म्हणतात, तेव्हा तरुणांनी ते केवळ जुन्याचे प्रेम समजू नये. जनावराच्या रक्तातही पिढ्यांचे शहाणपण साठलेले असते.

माशीकडे परत येऊ. सर्रा पसरवणारी गोमाशी मोठी, जाड, दुखेल असे चावणारी असते. जनावर शेपटी फटकारते, माशी अर्धवट जेवणावरून उठते आणि शेजारच्या जनावरावर जाऊन बसते. तिच्या तोंडाला लागलेल्या रक्तात परजीवी थोडाच वेळ जिवंत राहतो. तेवढ्यात दुसरे जनावर जवळ असले, तरच लागण होते. म्हणून आजारी जनावर गोठ्याबाहेर थोड्या अंतरावर बांधणे हा साधा उपाय खरोखर उपयोगी आहे. जे काम माशीचे तोंड करते, तेच काम न बदललेली सुईही करते. एकाच सुईने दावणीतील सगळ्या जनावरांना टोचून घेऊ नका. प्रत्येकाला नवी सुई मागा. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, उंट, गाढवे, बैल असे नाना ठिकाणचे पशुधन एकत्र येते. तेथून नवे जनावर आणले, तर काही दिवस ते वेगळे बांधून त्याचे रक्त तपासून घ्यावे. काचपट्टीवर परजीवी दिसला नाही म्हणून जनावर निरोगी ठरत नाही. जुनाट रोगात तो रक्तात इतका विरळ असतो, की जनुकीय तपासणीच त्याला पकडू शकते. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही लातूर-नांदेडच्या पशुपालकांची मोठी सोय. आणि पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक घरातील थोरांना मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा.

आता आजोबांच्या मूळ प्रश्नाकडे. दूध उकळून प्यावे. उकळलेल्या दुधातून सर्रा होत नाही. कच्चे दूध मात्र कोणत्याही परिस्थितीत नको, आणि त्याचे कारण सर्रा नव्हेच. ब्रुसेलोसिस नावाचा जंतुजन्य आजार कच्च्या दुधातून आणि गाभडलेल्या जनावराचा वार उघड्या हातांनी काढण्यातून माणसाला होतो. रेंगाळणारा ताप, रात्रीचा घाम आणि कंबरदुखी ही त्याची लक्षणे. वृद्धांत ती "वयामुळे होतंय" म्हणून वर्षभर दुर्लक्षित राहू शकतात. २०२२ मध्ये राज्यात लम्पी त्वचारोगाने धुमाकूळ घातला, तेव्हा अनेक घरांनी दूधच टाकून दिले. लम्पी हा विषाणूचा रोग, चावणाऱ्या माशाडासांनी पसरतो, आणि माणसाला होत नाही. ज्याचे भय नको त्याचे भय, आणि ज्याचे हवे त्याचा विसर, असा प्रकार आपल्याकडे नेहमी घडतो.

भय हवे असेल, तर ते गोचीड चिरडण्याच्या सवयीचे असावे. दुपारी बाजेवर बसून गायीच्या कानातले गोचीड उपटावेत आणि दोन नखांत किंवा दगडाने चिरडावेत, हा पुष्कळ वृद्धांचा विरंगुळा असतो. गुजरातमध्ये २०११ साली क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप या प्राणघातक विषाणूची लागण भारतात प्रथम सिद्ध झाली. तो विषाणू ज्या हायलोमा गोचिडांतून येतो, त्यांच्याच जातीचे गोचीड थायलेरिया पसरवतात. चिरडलेल्या गोचिडाचे रक्त नखाच्या भेगेत जाणे पुरेसे आहे. वयोमानाने हातांची कातडी पातळ होते, मधुमेहात जखमा रेंगाळतात. हातमोजे घाला, चिमट्याने गोचीड धरून सरळ ओढा, आणि साबणाच्या किंवा औषधाच्या पाण्यात टाका. ज्यांची प्लीहा अपघातामुळे वा आजारामुळे काढलेली आहे, त्यांनी तर हे काम दुसऱ्यावर सोपवावे. युरोपात गायींच्या गोचिडातून येणारा बबेसिया हा परजीवी अशा रुग्णांनाच प्रामुख्याने गाठतो.

गोचिडनाशक औषधांबद्दलही दोन शब्द. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ ही औषधे पाण्याच्या तांब्यात किंवा रिकाम्या सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नयेत. दृष्टी अधू झालेल्या माणसाला बाटलीतला फरक कळत नाही. अमिट्राझ पोटात गेल्यास गुंगी येते, नाडी मंदावते. असे घडल्यास ओकारी काढण्याचा खटाटोप न करता बाटलीसह रुग्णालय गाठावे.

आणि धूर. माशा हाकलण्यासाठी संध्याकाळी गोठ्यात कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करण्याची पद्धत चांगली असली, तरी दमा किंवा फुफ्फुसांचा जुना विकार असलेले आजोबा त्याच पत्र्याखाली झोपत असतील, तर माशीपेक्षा धूरच त्यांना आधी दवाखान्यात पोहोचवतो. माझ्याकडे पावसाळ्यात रात्री धाप लागून येणाऱ्या वृद्धांत असे कितीतरी असतात, आणि घरच्यांना त्याचे कारण सुचत नाही. त्याऐवजी माशांच्या जन्मस्थानीच घाला घालावा. घरमाशीसारखी दिसणारी पण टोचणारी माशी शेणामुताने भिजलेल्या, कुजत्या कडब्यात अंडी घालते. गोमाशीची पिल्ले पाण्याकाठच्या चिखलात वाढतात. गव्हाणीखालचा ओला कडबा रोज उचलला, उकिरडा घरापासून दूर नेला, हौदाच्या गळतीचा चिखल बुजवला, तर धुराची गरज बरीच कमी होते. वृद्धांची बाज गोठ्यापासून हलवणे शक्य नसेल, तर निदान मच्छरदाणी लावावी.

सेवा करणाऱ्या मंडळींना आणखी एक सांगायचे आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ताप आला, तरी अंग तापलेले असेलच असे नाही. तो अकारण गोंधळतो, दिवसा झोपाळतो, जेवण टाळतो, चालताना तोल जातो. अशी चिन्हे दिसली किंवा ताप पाच-सहा दिवसांत हटला नाही, तर दवाखान्यात जाताना गोठ्याची माहिती सोबत न्या: घरी कोणती जनावरे आहेत, त्यांतले एखादे अलीकडे आजारी पडले वा गाभडले का, गोचीड काढताना किंवा वार काढताना हाताला जखम होती का, कच्चे दूध घेतले का. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपण होऊन सांगा. मलेरियासाठी घेतलेला रक्ताचा नमुना "नकारार्थी" आला आणि ताप मात्र फिरून फिरून येत राहिला, तर ताप चढलेला असताना पुन्हा नमुना द्यावा. सिवनीच्या शेतकऱ्याच्या रक्तातही परजीवी कमीजास्त होत होता. पुढील तपासासाठी नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण आणि लातूरचे विलासराव देशमुख ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आपल्या जवळ आहेत.

आजोबांना मी हे सारे सांगतो, आणि मग ते दुसरा प्रश्न विचारतात, जो खरे तर पहिल्याच्या आत दडलेला असतो: "पोरगं म्हणतंय, म्हातारपणी जनावरांची झंझट नको, विकून टाकू." यावर माझे वैद्यकीय मत विचाराल, तर जनावरे ठेवावीत. पहाटे वैरण टाकायला उठणारा माणूस चालतो, वाकतो, कोणाशी तरी बोलतो. फक्त हातमोज्यांचा एक जोड आणि पायांत बूट, एवढे मुलाने आणून द्यावे.